घरच्या संगणकातून उघडलेली तिजोरी : लास्टपास प्रकरणाचा अभ्यास

२०२२च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या अडीच महिन्यांत लास्टपास या अमेरिकी कंपनीच्या क्लाउडमधून तिच्या ग्राहकांच्या पासवर्ड-तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या. लोकांचे पासवर्ड सांभाळणं हेच या कंपनीचं काम. त्या वेळी तिचे तीन कोटींहून जास्त वापरकर्ते होते आणि सुमारे एक लाख कंपन्या तिची सेवा घेत होत्या. हल्लेखोर या तिजोऱ्यांपर्यंत पोचला तो एका कर्मचाऱ्याच्या घरच्या संगणकावरून. सिनेमे आणि गाणी घरभर बघता-ऐकता यावीत म्हणून त्या संगणकावर एक प्रोग्रॅम टाकलेला होता. तो जुनाच राहिला होता, आणि त्याच्यातल्या त्रुटीची दुरुस्ती सव्वादोन वर्षांपूर्वीच निघाली होती.

घरून काम करताना काय काळजी घ्यावी याच्या याद्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. पासवर्ड मोठा ठेवा, अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी कुणाला सांगू नका, व्हीपीएन लावा. या सूचना चुकीच्या नाहीत. पण लास्टपासनं स्वतः फेब्रुवारी-मार्च २०२३मध्ये जाहीर केलेला घटनाक्रम वाचला की लक्षात येतं, यातली एकही सूचना तिथे पुरी पडली नसती. त्या याद्यांमध्ये ज्याचा उल्लेखही नसतो अशा जागी हे सगळं घडलं. म्हणून हे प्रकरण घाई न करता, पायरीपायरीनं बघायला हवं.

पहिली चोरी

आधी तिजोरीची रचना. पासवर्ड मॅनेजरमध्ये आपण सगळ्या खात्यांचे पासवर्ड ठेवतो आणि ते एका मास्टर पासवर्डनं कुलूपबंद होतात. त्या मास्टर पासवर्डपासून एक गणिती किल्ली तयार होते. ती आपल्याच यंत्रावर तयार होते, आणि कंपनीच्या सर्व्हरवर पोचतात ते कूटबद्ध झालेले पासवर्ड. मास्टर पासवर्ड कंपनीला ठाऊक नसतो. ही पद्धत मुळात चांगली आहे, आणि हे सगळं प्रकरण वाचूनही मी लोकांना पासवर्ड मॅनेजर वापरा असंच सांगेन. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यापेक्षा तो कधीही बरा.

ऑगस्ट २०२२च्या पूर्वार्धात हल्लेखोरानं एका सॉफ्टवेअर इंजिनियरच्या कंपनी-लॅपटॉपचा ताबा मिळवला. त्या लॅपटॉपवरून तो कंपनीच्या विकास-विभागाच्या क्लाउडमध्ये गेला आणि सुमारे २०० पैकी १४ कोड-भांडारं उचलून नेली. २५ ऑगस्टला कंपनीनं ग्राहकांना कळवलं की सोर्स कोड आणि काही तांत्रिक माहिती गेली आहे, ग्राहकांच्या माहितीला धक्का लागल्याचं दिसत नाही. १५ सप्टेंबरच्या निवेदनात हल्लेखोराचा वावर चार दिवसांपुरताच होता असं सांगितलं. त्या दिवशी बहुतेकांनी हे प्रकरण संपलं असंच धरलं असणार.

पण त्या कोडमध्ये काही गोष्टी राहून गेल्या होत्या. काही लॉगिन उघड्या मजकुरात होती, काही डिजिटल प्रमाणपत्रं होती, आणि क्लाउडमधल्या बॅकअपपर्यंत नेणारी काही लॉगिन कूटबद्ध स्वरूपात होती. ही शेवटची लॉगिन वापरायची तर ती उलगडणारी किल्ली हवी. ती किल्ली कोडमध्ये नव्हती. ती लास्टपासच्याच अंतर्गत तिजोरीतल्या, अतिशय मर्यादित लोकांना खुल्या असलेल्या एका सामायिक फोल्डरमध्ये होती. तिथपर्यंत फक्त चार डेव्हऑप्स इंजिनियर, म्हणजे कंपनीच्या प्रणाली चालत्या ठेवणारे तंत्रज्ञ, पोचू शकत होते.

हल्लेखोराला आता नेमकं काय शोधायचं ते कळलं होतं. १२ ऑगस्टला पहिल्या घटनेतला त्याचा वावर थांबला. कंपनीच्याच म्हणण्यानुसार, त्याच तारखेपासून क्लाउडमधल्या साठ्याची टेहळणी आणि उचलाउचल सुरू झाली, ती २६ ऑक्टोबरपर्यंत चालू होती.

चारांपैकी एक

संवेदनशील किल्ली चारच लोकांकडे असणं हे कागदावर उत्तम धोरण आहे. कुठलाही लेखापरीक्षक त्यावर समाधानानं खूण करेल. पण ज्याला ती किल्ली हवी आहे त्याच्यासाठी हीच चार नावांची यादी होते. एवढ्या मोठ्या कंपनीच्या संरक्षणाशी झुंजण्याची त्याला गरज उरत नाही. या चौघांपैकी एकाचं घर पुरतं.

कंपनीनं माणसं मोजली होती. ही चार माणसं तो फोल्डर कुठल्या कुठल्या यंत्रांवरून उघडू शकतात हे मोजलं नव्हतं, किंवा मोजून चालवून घेतलं होतं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. घरून काम सुरू झालं की ऑफिसची हद्द कर्मचाऱ्याच्या घरापर्यंत वाढते, आणि त्या घरातला सगळ्यात दुर्लक्षित प्रोग्रॅम त्या हद्दीतला सगळ्यात कच्चा दुवा ठरतो. मग तो प्रोग्रॅम ऑफिसचा असो वा करमणुकीचा.

तो प्रोग्रॅम म्हणजे प्लेक्स मीडिया सर्व्हर. लास्टपासच्या निवेदनात 'त्रयस्थ मीडिया सॉफ्टवेअर' एवढंच होतं. नंतर प्लेक्स कंपनीनंच हल्लेखोरानं वापरलेली त्रुटी कुठली ते स्पष्ट केलं. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींच्या सीव्हीई या जाहीर नोंदवहीत ती सीव्हीई-२०२०-५७४१ या क्रमांकानं नोंदलेली आहे. ती टेनेबल या सुरक्षा कंपनीनं शोधली होती आणि मे २०२०मध्ये प्लेक्सनं दुरुस्त केली होती.

ही त्रुटी समजून घेण्यासारखी आहे, कारण घरगुती सॉफ्टवेअर किती साध्या सोयीतून फसतं ते तिच्यात दिसतं. फोनमधले फोटो आपोआप घरच्या सर्व्हरवर चढवण्याची एक सोय प्लेक्समध्ये होती. सर्व्हरचे व्यवस्थापक-अधिकार ज्याच्या हाती आहेत त्याला फोटो साठवण्याची जागा आणि सर्व्हरची स्वतःची अंतर्गत माहिती ठेवण्याची जागा एकमेकांवर आणून ठेवता येत होती. मग फोटोच्या नावाखाली चढवलेली फाइल सर्व्हर आपलीच समजून चालवायचा. विंडोजवरच्या प्लेक्समध्ये अशा रीतीनं बाहेरच्या माणसाला पायथन या संगणकीय भाषेतला हवा तो कोड चालवता येत होता. एकदा तो कोड चालला की पुढचा प्रश्न सिनेमांचा राहत नाही. त्या संगणकावर बसलेला माणूस जे करू शकतो ते सगळं हल्लेखोर करू शकतो.

इथे व्यवस्थापकाचं लॉगिन आधी हाती असावं लागतं, ही बाब सहज नजरेआड होते. म्हणजे त्या करमणुकीच्या प्रोग्रॅमचा पासवर्डही ऑफिसच्या सुरक्षिततेचा भाग झाला होता. बँकेच्या आणि ऑफिसच्या पासवर्डबद्दल जागरूक असलेली माणसंसुद्धा सिनेमांच्या ॲपला पासवर्ड देताना फारसा विचार करत नाहीत.

दुरुस्त आवृत्ती सुमारे ७५ आवृत्त्यांपूर्वीच निघाली होती असं प्लेक्सनं सांगितलं. हे वाचून त्या इंजिनियरला बोल लावणं सोपं आहे. पण असे सर्व्हर-प्रोग्रॅम कसे वापरले जातात ते बघा. एकदा बसवले की ते मागे मुकाट चालू राहतात. बघणारे टीव्हीवर बघतात, संगणकावर ती खिडकी महिनोन्‌महिने उघडली जात नाही. अपडेटची सूचना आली तरी ती कुणी न बघणाऱ्या पडद्यावर येते. मे २०२० हा काळही लक्षात घ्या. करोनामुळे जगभरची ऑफिसं तेव्हा घाईघाईनं घरात आली होती आणि आयटी विभाग लोकांना लॅपटॉप आणि लॉगिन पुरवण्यात गुंतले होते. कर्मचाऱ्याच्या खासगी संगणकावर आणखी काय काय चालू आहे, हे विचारायची रीतच तेव्हा नव्हती.

अमेरिकेच्या सायबरसुरक्षा यंत्रणेनं, सीसानं, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींच्या आपल्या यादीत ही त्रुटी घातली ती मार्च २०२३मध्ये, म्हणजे हे प्रकरण उघड झाल्यावर.

ओटीपी होता, तरी

संगणकात शिरल्यावर हल्लेखोरानं कीलॉगर बसवला. दाबलेली प्रत्येक कळ टिपून बाहेर पाठवणारा हा प्रोग्रॅम. मग त्याला फक्त वाट बघायची होती. त्या इंजिनियरनं कंपनीची तिजोरी उघडायला मास्टर पासवर्ड टाइप केला आणि तो टिपला गेला.

दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू होती. लास्टपासच्या वर्णनात स्पष्ट म्हटलंय की कर्मचाऱ्यानं ती पडताळणी पार केल्यावर पासवर्ड टिपला गेला. मग हल्लेखोरानं हा टप्पा कसा ओलांडला? याचं उत्तर ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाच्या, म्हणजे लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, निष्कर्षांत आहे. 'विश्वासू यंत्र' म्हणून ब्राउझरमध्ये जी कुकी ठेवलेली असते, ती वापरून.

'या यंत्रावर पुन्हा विचारू नका' या चौकोनात आपण सगळेच खूण करतो, कारण दिवसातून पाच वेळा ओटीपी टाकणं जिवावर येतं. ती खूण केल्यावर एक छोटी फाइल ब्राउझरमध्ये राहते. पुढच्या वेळी सेवा ती फाइल बघते आणि ओटीपी मागत नाही. म्हणजे आपण माणसाऐवजी यंत्रावर विश्वास टाकलेला असतो. त्या यंत्राच्या आत दुसरंच कुणी बसलं असेल तर तो विश्वास त्याच्याही वाट्याला जातो. ओटीपी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. पासवर्ड दुसरीकडून फुटला तर तो अजूनही उत्तम राखण करतो. पण यंत्रच पोखरलेलं असेल तर ओटीपीची, किंबहुना खिशातल्या सुरक्षा-किल्लीची, म्हणजे लॉगिनसाठी जोडायच्या छोट्या साधनाचीही, मदत तोकडी पडते. लॉगिन खऱ्या माणसानंच केलेलं असतं, आणि त्यानंतर उघडलेलं सत्र दोघांचं होतं.

आयुक्त कार्यालयाच्या निष्कर्षांतली आणखी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. त्या इंजिनियरची खासगी तिजोरी आणि कामाची तिजोरी एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि एकाच मास्टर पासवर्डनं उघडत होत्या. ही जोडणी कुणी लपूनछपून केलेली नव्हती, ती त्या उत्पादनातली अधिकृत सोय होती. खासगी आणि कामाचे पासवर्ड एकाच ठिकाणी दिसावेत, म्हणून ती दिलेली. परिणाम असा की घरच्या संगणकावर उमटलेल्या एका पासवर्डमागे ऑफिसची सगळ्यात मौल्यवान किल्ली आली.

ही गळती उलट दिशेनंही होते. २०२३च्या शरद ऋतूत ऑक्टा या लॉगिन-सेवा देणाऱ्या कंपनीत तसं घडलं. एका कर्मचाऱ्यानं कंपनीच्या लॅपटॉपवर, क्रोममध्ये आपल्या खासगी गूगल खात्यानं लॉगिन केलं होतं, आणि कंपनीच्या एका सेवा-खात्याचा पासवर्ड त्या खासगी खात्यात साठवला गेला होता. तिथून तो बाहेर पडला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, असं ऑक्टानं सांगितलं. एका ठिकाणी ऑफिसची किल्ली घरच्या यंत्रावर गेली, दुसरीकडे ऑफिसच्या यंत्रावरून ती घरच्या खात्यात गेली. दोन्हीकडे कारण एकच, दोन जगं एका सोयीच्या धाग्यानं बांधलेली.

लास्टपासकडे परत येऊ. हल्लेखोरानं त्या इंजिनियरच्या कॉर्पोरेट तिजोरीतल्या नोंदी आणि सामायिक फोल्डरमधला मजकूर बाहेर काढला. त्यात ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या बॅकअप-साठ्यांच्या किल्ल्या होत्या.

अडीच महिने कुणालाच का कळलं नाही?

क्लाउडमध्ये प्रत्येक हालचालीची नोंद होत होती, इशारे देणारी व्यवस्थाही चालू होती. पण हल्लेखोर खऱ्या कर्मचाऱ्याच्या खऱ्या लॉगिननं काम करत होता, त्यामुळे त्याची हालचाल आणि नेहमीचं काम यांत फरक करणं तपास करणाऱ्यांना सुरुवातीला जमलं नाही. शेवटी, त्या लॉगिनला न शोभणारं काम करायला तो गेला तेव्हा ॲमेझॉनच्या गार्डड्यूटी या व्यवस्थेनं इशारा दिला.

घरून कामात हे जास्त अवघड होतं असं मला वाटतं. ऑफिसात बसून काम करणाऱ्याचं लॉगिन रात्री दोनला दिसलं तर कुणीतरी भुवई उंचावतं. घरून काम करणारा मुलं झोपल्यावर लॅपटॉप उघडतो, कधी दुसऱ्या गावाहून काम करतो, कधी मोबाइलच्या इंटरनेटवरून. वेळ आणि ठिकाण या दोन जुन्या खुणा बोथट झाल्या. उरतं ते यंत्र. कुठल्या यंत्रावरून लॉगिन झालं, ते यंत्र कंपनीच्या देखरेखीतलं आहे का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे. तो इथे नीट विचारला गेला असता तर खासगी संगणकावर ती तिजोरी उघडलीच नसती.

नेहमीच्या सूचना लावून बघू

पासवर्ड मोठा असता तर? कीलॉगर बारा अक्षरं आणि चाळीस अक्षरं सारख्याच सहजतेनं टिपतो. व्हीपीएन असता तर? व्हीपीएन म्हणजे घर ते ऑफिस असा बंदिस्त बोगदा. वाटेत कुणी डोकावू नये यासाठी तो आहे. चोर बोगद्याच्या अलीकडच्या टोकाला, घरातच बसलेला असेल तर बोगदा त्यालाही तितक्याच सुरक्षितपणे ऑफिसात पोचवतो. लिंकबद्दलची सावधगिरी? जाहीर झालेल्या घटनाक्रमात लिंकवर क्लिक करणं ही पायरीच नाही.

अँटिव्हायरसचा उपयोग झालाही असता, पण नेमक्या माणसासाठी आखलेला हल्ला असला की त्यावर विसंबणं धाडसाचं आहे.

एक अपडेट मात्र ही साखळी तोडू शकला असता. वेगळं यंत्र तर नक्कीच. काम फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर आणि प्लेक्स घरच्या संगणकावर, एवढी साधी विभागणी असती तर प्लेक्स कितीही जुना असता तरी कीलॉगरच्या हाती घरच्या खात्यांपलीकडे फारसं काही लागलं नसतं. त्या कुटुंबासाठी ते वाईटच ठरलं असतं, पण लाखो अनोळखी लोकांच्या तिजोऱ्या गेल्या नसत्या.

दोष कुणाचा?

त्या इंजिनियरचं नाव कंपनीनं जाहीर केलं नाही, आणि ते योग्यच केलं. प्रकरण बाहेर आल्यावर 'एका माणसाच्या आळसामुळे' अशा धर्तीची बरीच चर्चा झाली. मला ती मान्य नाही. ज्या किल्लीवर कोट्यवधी लोकांचा भरवसा आहे, ती एका माणसानं घरी सिनेमांचा प्रोग्रॅम अपडेट करण्यावर अवलंबून ठेवणं हा व्यवस्थेचा दोष आहे. माणूस विसरणारच, हे धरूनच व्यवस्था आखायची असते. ती किल्ली उघडायला दोन माणसांची संमती लागली असती, किंवा ती बाहेर काढताच येणार नाही अशा खास हार्डवेअरमध्ये असती, तर एका घरातल्या चुकीला एवढं वजन आलं नसतं.

नंतर कंपनीनं जे केलं त्यातल्या एका गोष्टीचा उल्लेख तिच्याच निवेदनात आहे. त्या इंजिनियरच्या घरचं नेटवर्क आणि खासगी साधनं भक्कम करायला कंपनीनं मदत केली. हे वाचून वाईट वाटतं. घरचं नेटवर्क कंपनीच्या जबाबदारीचा भाग आहे हे मान्य झालं, पण चोरीनंतर. मोठे अधिकार असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी हाच खर्च आधी करायला हवा होता, आणि कुठल्याही कंपनीनं करायला हवा.

डिसेंबर २०२५मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं लास्टपासच्या ब्रिटनमधल्या कंपनीला सुमारे १२ लाख पौंडांचा दंड केल्याचं जाहीर केलं. त्या देशातल्या सुमारे १६ लाख लोकांची माहिती यात गेली होती. दंड कंपनीला झाला, इंजिनियरला नाही. जबाबदारी कुणाची, याचं हे उत्तर मला पटतं.

तिजोऱ्यांचं पुढे काय झालं?

२२ डिसेंबर २०२२ला कंपनीनं सांगितलं की तिजोऱ्यांच्या प्रती गेल्या आहेत. त्यांतल्या वेबसाइटच्या पत्त्यांना कूटबद्धतेचं कवचच नव्हतं. वापरकर्त्यांची नावं, ईमेल, फोन नंबर, बिलिंगचे पत्ते असा तपशीलही गेला. म्हणजे कुणाचं कुठल्या बँकेत, कुठल्या क्रिप्टो-बाजारात खातं आहे, हे तिजोरी न उघडताच दिसत होतं. पासवर्ड आणि टिपा मात्र २५६-बिट एईएस या भक्कम कूटबद्धतेच्या पद्धतीनं बंद होत्या.

त्या किती घट्ट बंद होत्या हे प्रत्येकाच्या मास्टर पासवर्डवर ठरत होतं. मास्टर पासवर्डची किल्ली बनवताना तेच गणित हजारो वेळा फिरवलं जातं, म्हणजे अंदाज करणाऱ्याचा प्रत्येक प्रयत्न तितकाच महाग पडतो. २०१८पासून लास्टपासमध्ये नव्या खात्यांसाठी हा आकडा १,००,१०० होता. पण जुन्या अनेक खात्यांवर तो ५,००० किंवा त्याहूनही कमी राहिला होता, आणि ती खाती कंपनीनं आपणहून वर आणली नव्हती. नंतर हा आकडा ६,००,००० केला गेला.

इथे बऱ्याच वापरकर्त्यांची गफलत झाली. बातमी आल्यावर लोकांनी मास्टर पासवर्ड बदलला आणि निश्चिंत झाले. पण चोरलेली प्रत जुन्याच पासवर्डनं उघडते. आज बदललेला मास्टर पासवर्ड त्या प्रतीला शिवतही नाही. बदलायला हवे होते ते आतले पासवर्ड, एकेक करून, महत्त्वाच्या खात्यांपासून सुरुवात करून. क्रिप्टो-पाकिटाची मूळ शब्दावली, म्हणजे ते पाकीट उघडणारी ठरावीक शब्दांची यादी, आत टीप म्हणून ठेवली असेल तर पैसे नव्या पाकिटात हलवणं हाच उपाय होता, कारण ती शब्दावली बदलता येत नाही.

पुढे काय घडलं याबद्दल दोन अधिकृत कागद वेगळं बोलतात. ब्रिटनच्या आयुक्त कार्यालयानं म्हटलं की ग्राहकांचे पासवर्ड उलगडले गेल्याचा पुरावा नाही. अमेरिकी सरकारी वकिलांनी मार्च २०२५मध्ये कोर्टात दिलेल्या कागदात मात्र, जानेवारी २०२४मधल्या सुमारे १५ कोटी डॉलरच्या एका क्रिप्टो-चोरीचा संबंध २०२२मध्ये एका ऑनलाइन पासवर्ड मॅनेजरमधून चोरलेल्या माहितीशी जोडला. त्या कागदात कंपनीचं नाव नाही, पण वर्णन या घटनेशी जुळतं. मी त्या ग्राहकांच्या जागी असतो तर दुसरा कागद खरा धरून वागलो असतो.

ज्यांच्याकडे एकच संगणक आहे

कंपनीचा लॅपटॉप मिळालेल्यांसाठी गोष्ट सोपी आहे. त्यावर घरचं काही नको, आणि ऑफिसचं काही घरच्या संगणकावर नको, ब्राउझरमधलं खासगी खातंसुद्धा. पण स्वतंत्रपणे काम करणारे, छोट्या संस्थांत काम करणारे, शिकवण्या घेणारे अशा असंख्य लोकांचं घर आणि काम एकाच यंत्रावर चालतं. 'दुसरा घ्या' हा सल्ला त्यांना देऊन भागत नाही.

त्यांनी आधी आपल्या संगणकावर बाहेरून येणाऱ्या जोडणीची वाट बघत बसलेले प्रोग्रॅम कुठले आहेत ते शोधावं. मीडिया सर्व्हर, टॉरेंट, दुरून संगणक चालवण्याची साधनं, घरातल्या कॅमेऱ्यांची सॉफ्टवेअर. लिहिण्याचा किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम जुना असणं आणि यांतला एखादा जुना असणं यात मोठा फरक आहे, कारण यांच्यापर्यंत अनोळखी माणूस तुम्ही काहीही न करता पोचू शकतो. जे लागत नाहीत ते काढून टाकावेत. जे लागतात ते जुन्या, कामाचं काहीही नसलेल्या यंत्रावर हलवता आले तर उत्तम. पडून असलेला जुना लॅपटॉपही चालतो, फक्त त्याला अजून अपडेट मिळत असावेत. नाहीतर निदान स्वयंचलित अपडेट चालू करावा आणि घराबाहेरून वापरण्याची सोय बंद करावी. राउटरमध्ये यूपीएनपी नावाची एक सोय असते, ती प्रोग्रॅमना न विचारता बाहेरच्या जगासाठी वाट उघडू देते. तीही बंद करून बघावी. एखादा खेळ अडेल, तेव्हा त्यापुरता विचार करता येतो.

रोजचा वापर व्यवस्थापक-अधिकार नसलेल्या साध्या खात्यातून करावा, आणि घरातल्या इतरांसाठी वेगळं खातं असावं. यानं वर वर्णन केलेला हल्ला पूर्ण थांबेलच असं नाही, पण आत शिरलेल्याला पुढे सरकायला एक जास्तीची झुंज द्यावी लागते.

विश्वासू यंत्राच्या चौकोनाबाबत माझं मत ठाम आहे. ईमेल, पैसे आणि ग्राहकांची माहिती जिथे आहे त्या खात्यांवर ती खूण करू नये. आधीच केलेली असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये विश्वासू यंत्रांची यादी असते, तिथून ती काढावी. नुसतं लॉगआउट केल्यानं अनेक सेवांत ती खूण जात नाही.

आणि कधी शंका आलीच, म्हणजे संगणक विचित्र वागतोय, न मागितलेली लॉगिन-सूचना आली, ओळखीच्यांना आपल्या नावानं मजकूर गेला, तर ज्यांचं काम आपण करतो त्यांना त्याच दिवशी कळवावं. संकोच इथे महागात पडतो. पासवर्ड बदलायला त्याच संगणकावर बसू नये. कीलॉगर असेल तर तो नवा पासवर्डही टिपेल. ज्यावर शंका नाही अशा दुसऱ्या यंत्रावरून किंवा फोनवरून बदलावेत, सगळी चालू सत्रं तिथूनच बंद करावीत, आणि संशयित संगणकाचं इंटरनेट तोडून ठेवावं. घाईघाईनं फॉरमॅट मारू नये. तपासणाऱ्याला हवे ते पुरावे त्यातच पुसले जातात. त्यानं यंत्र बघितल्यावर मग सगळं नव्यानं बसवावं.